जमाखर्चाच्या वहीतली रामरक्षा

घरातले जुने कागद दाखवायला बोलावतात तेव्हा लोकांनी त्यांची वाटणी आधीच करून ठेवलेली असते. एका बाजूला सनदा, खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं. हा ढीग स्वच्छ चादरीवर, पंख्याच्या वाऱ्यापासून लांब, नीट मांडलेला. दुसरा ढीग मागून काढावा लागतो. तो देवघराखालच्या फडताळात किंवा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असतो: पोथ्यांची सुटी पानं, स्तोत्रांच्या वह्या, कुणी कुणी हाताने उतरवून घेतलेल्या आरत्या. "मोडीतलं तेवढं वाचा, ताई. ते दुसरं देवाचं आहे, त्यात काही नाही," असं मला सांगितलं जातं. मी मोडी वाचते, कागदांच्या याद्या करते, लिप्यंतर करून देते. ठाणे जिल्ह्यात, त्यातही भिवंडीत, हे काम बरीच वर्षं चाललं आहे. "त्यात काही नाही" म्हणून बाजूला सारलेल्या त्या दुसऱ्या ढिगासाठी हे लिहिते आहे.

भिवंडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला यंत्रमाग आठवतात, अलीकडे महामार्गालगतची गोदामं. पण हे जुनं खाडीकाठचं व्यापारी गाव. १६५७ साली कल्याणबरोबर भिवंडीही शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली, तेव्हाही ती बाजारपेठच होती. कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांची घरं, ब्राह्मण आळी, कासार आळी, आसपासच्या पाड्यांतले आगरी-कोळी, उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, अशी इथली वस्ती. त्यामुळे चार गल्ल्या फिरलं तर मोडी, बाळबोध, उर्दू, तेलुगू अशा चार लिप्यांतले घरगुती कागद बघायला मिळतात. बोलावणं येतं ते बहुधा घर पाडायला निघालं की. हक्क सांगायला कागद लागतो, म्हणून ट्रंका उघडल्या जातात. जमिनीचा कागद वकिलाकडे जातो. देवाच्या कागदाचं काय होतं, ते पुढे सांगते.

ब्राह्मण आळीतल्या एका घरी हाती आलेली चोपडी मला सगळ्यात जवळची आहे. तांबड्या खारव्याचं आवरण, वरच्या कडेला शिवण, पानांना उभ्या घड्या घालून पाडलेले रकाने. भात, गवत आणि लाकूड यांचा व्यवहार मोडीत मांडलेला, रोज लिहिणाऱ्या हाताने, झपाझप. सालाचा शेवटचा आकडा कसरीने खाल्ला होता. 'शके १८१' एवढंच उरलं होतं. पण शेजारी संवत्सराचं नाव शाबूत होतं: दुर्मुख. साठ वर्षांच्या चक्रातलं हे नाव त्या दशकात एकदाच येतं, शके १८१८ला. महिना फाल्गुन. म्हणजे १८९७चा मार्च.

त्या तारखेच्या नोंदीखाली अर्धं पान कोरं सोडलेलं आहे आणि पान उलटलं की रामरक्षा. संस्कृत म्हणून बाळबोधात सुरू केलेली, ओळी आखून, दंड हिंगुळाने तांबडे केलेले. पहिले काही श्लोक असेच शिस्तीत गेले आहेत. मग तांबडा रंग थांबतो. पुढे आखणीही थांबते. शेवटी शेवटी अक्षर चक्क मोडीत शिरतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. संस्कृत स्तोत्र त्या लिपीत लिहायचं म्हणजे शुद्धतेवर पाणी सोडायचं, आणि लिहिणाऱ्याला हे पुरेपूर ठाऊक असणार. त्याचं बाळबोध वळण तालेवार आहे, सुरुवातीच्या श्लोकांत एक वेलांटी चुकलेली नाही. अशा माणसाला रामरक्षा तोंडपाठच असते. मग त्याने ती लिहायला का घेतली, आणि तीही अशी घाईघाईने?

पुढच्या पानावर पुन्हा खर्च आहे. बांबू, झावळ्या, सुंभ, मजुरी. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीला आला आणि पुढच्या काही महिन्यांत ठाणे जिल्ह्यात पसरला. लोक राहती घरं सोडून गावाबाहेर झोपड्या बांधून राहू लागले. बांबू आणि झावळ्या त्या झोपडीच्या आहेत. रामरक्षा पाठ नसलेल्या कुणाला तरी बरोबर देण्यासाठी, किंवा मागे राहणाऱ्यांसाठी, ती उतरवली असावी असं मला वाटतं. या स्तोत्रात डोक्यापासून पावलांपर्यंत एकेक अवयव रामाच्या हवाली केलेला आहे. प्लेगची गाठ काखेत नाही तर जांघेत उठायची. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून ते पान वाचलं, की तिन्हीसांजेला दिवा लावताना सवयीने म्हटलं जाणारं स्तोत्र त्या माणसाला त्या दिवशी कशासाठी हवं होतं ते कळतं. चोपडीत त्यापुढे काही पानं कोरी आहेत. हिशोब पुन्हा सुरू होतो तेव्हा संवत्सर बदललेलं आहे, हेमलंबी, आणि हातही बदललेला आहे. पहिल्या माणसाचं काय झालं हे चोपडी सांगत नाही.

आता ती रामरक्षा चोपडीतून काढून वेगळी ठेवा. काय उरतं? घरोघरी असलेल्या स्तोत्राची एक अशुद्ध नक्कल. कुठलाही हस्तलिखित-संग्रह तिच्यासाठी जागा अडवणार नाही. आणि स्तोत्राची पानं काढून टाकली तर बांबू-झावळ्यांचा खर्च हा नुसता खर्च राहतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की घरातली प्रार्थना ज्या कागदांत सापडली त्याच कागदांत ठेवून वाचावी. तिथून उचलली की तीही मुकी होते आणि ते कागदही.

लिहिणाऱ्यांनी स्वतः ही वाटणी कधी केलीच नव्हती. खतावणीचं पहिलं पान 'श्री'ने उघडतं. दिवाळीत त्याच वहीवर हळदकुंकू वाहिलं जातं. कित्येक वह्यांच्या पहिल्या पानावर त्याचा पिवळा-तांबडा डाग अजून आहे. पत्राच्या माथ्यावर कुळस्वामीचं नाव असतं आणि पेशवाईतल्या पत्रात त्याच पानावर अरबी संख्यानामांचं शुहूर साल असतं. वसई मराठ्यांनी घेतली ते साल 'तिसा सलासीन मया व अलफ', म्हणजे ११३९; त्यात ५९९ मिळवले की १७३८-३९. श्री आणि अलफ एका पानावर लिहिताना कुणाच्या मनात किंतु येत नव्हता.

वसईचं नाव उगाच काढलं नाही. त्या मोहिमेची एक मुळी भिवंडीजवळच्या अंजूरला आहे. पोर्तुगीजांच्या जाचाविरुद्ध पेशव्यांकडे दाद मागत राहिलेले गंगाजी नाईक अंजूरकर तिथले. नाईक घराण्याची परंपरा सांगते की या खटपटीबरोबर गंगाजींनी चिंचवडला अनुष्ठान केलं आणि तिथल्या देव घराण्याकडून मिळालेला गणपती अंजूरच्या वाड्यात आला. मोहिमेवर निघालेल्या चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि विजयानंतर तिचं मंदिर बांधलं, हे तर भिवंडी तालुक्यात शेंबडं पोरही सांगेल. खलबतं, पत्रापत्री, अनुष्ठान, नवस हे सगळं त्या माणसांच्या लेखी एकच काम होतं. आपण इतिहास लिहायला बसतो तेव्हा त्यातली खलबतं उचलतो आणि नवस भाविकांसाठी सोडून देतो.

या सोडून देण्याला मोठ्या माणसांचा हात लागलेला आहे, आणि हे लिहिताना मनात आदर बाळगूनच लिहिते. वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडले, १९१०मध्ये त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. ठाण्याचे वि. ल. भावे, १८९३च्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे संस्थापक, यांनी जुन्या कवितेसाठी पोथ्या जमवल्या. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांमधली बाडं मिळवली. ही माणसं नसती तर आज आपल्या हाती फार थोडं असतं. पण शोध घ्यायचा तो राजकारणाच्या पत्राचा नाही तर कवीच्या ग्रंथाचा, अशी दोन खाती त्या काळात पडली. राजकारण नसलेला आणि कवी नसलेला कागद 'स्फुट' या सदरात गेला. याद्यांमध्ये 'स्फुट स्तोत्रे', 'स्फुट पदे' असं ओळीने दिसतं. कुठल्या घरातून, कुठल्या कागदांबरोबर आली, याचा पत्ता नसतो. २००३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी अभियानाची व्याख्याही याच वाटेने जाते. किमान ७५ वर्षं जुनं आणि शास्त्र, इतिहास किंवा सौंदर्य यांपैकी कशाच्या तरी दृष्टीने मोलाचं असं हाती लिहिलेलं ते हस्तलिखित. महसुली कागद आणि फर्मानं त्यात धरत नाहीत. माझ्या चोपडीचं अर्धं अंग या व्याख्येच्या आत आणि अर्धं बाहेर. एका संग्रहाने अशाच एका घराकडून नुसती पोथीची पानं घेतली आणि जमाखर्च परत केला. घरच्यांनी तो रद्दीत घातला.

खरं तर आपले थोर ग्रंथही घरातल्या वह्यांमधूनच आले आहेत. १८६९मध्ये सरकारी मदतीने तुकोबांच्या गाथेची मोठी आवृत्ती छापायला घेतली, तेव्हा संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथली हस्तलिखितं समोर ठेवली. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६मध्ये छापलं गेलं, सतराव्या शतकात आणखी दोनदा छापलं गेलं, आणि त्या छापील प्रतींपैकी एकही आज शिल्लक नाही. ग्रंथ वाचला तो ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने उतरवून जपलेल्या प्रतींमुळे. १९०७मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला तो अशाच प्रतींवरून.

आता देवाच्या कागदाचं काय होतं ते. तो रद्दीत घालायला मन धजत नाही. म्हणून घर पाडायच्या आधी एखादा चांगला दिवस बघून त्याचं विसर्जन होतं, कामवारी नदीत किंवा खाडीत. मुसलमान घरांतही हीच भावना आहे. आयत लिहिलेला जीर्ण कागद पायदळी जाऊ नये म्हणून तो दफन करतात किंवा पाण्यात सोडतात, त्याला 'ठंडा करना' म्हणतात. भक्तीच्या कागदाचा घात भक्तीनेच व्हावा, याचं मला फार वाईट वाटतं. कैरोजवळच्या फुस्तात इथल्या ज्यू मंडळींनी याच भावनेतून वेगळी वाट काढली होती. देवाचं नाव असलेला कागद फाडायचा नाही, म्हणून ते तो प्रार्थनामंदिरातल्या एका कोठीत टाकत. आणि देवाचं नाव कुठल्या ओळीत येईल याचा नेम नसल्याने सावधगिरी म्हणून पत्रं, करार, हिशोब, औषधाच्या याद्या हेही त्यातच जात. शतकानुशतकं ते साठत गेलं. १८९६-९७च्या हिवाळ्यात, म्हणजे इकडे भिवंडीवर प्लेगची सावली पडत होती तेव्हा, सॉलोमन शेख्टर हे अभ्यासक कैरोला जाऊन बसले आणि त्यांनी त्या कोठीतला मोठा साठा केंब्रिजला नेला. तिथे आज त्याचे पावणेदोन लाखांहून जास्त तुकडे आहेत. मध्ययुगातला हिंदी महासागरावरचा व्यापार, आपल्या पश्चिम किनाऱ्याशी चालणारी देवघेव, यांबद्दल आज जे बारकाव्याने कळतं त्यातलं बरंचसं या कोठीतून आलं आहे. प्रार्थनेच्या आश्रयाने हिशोब टिकला.

म्हणून विसर्जनाला मी नाही म्हणत नाही. त्या घरच्या श्रद्धेत मी ढवळाढवळ करणारी कोण? मी फक्त आधी एक दिवस मागून घेते. छापील पोथ्या वेगळ्या करते, त्या खुशाल जाऊ देत. हाताने लिहिलेलं प्रत्येक पान, ते ज्या वहीत असेल त्या वहीसकट, फोटो काढून नोंदवते: कुठल्या ट्रंकेत होतं, वर काय होतं, खाली काय होतं. एवढं होईपर्यंत घरातलं कुणी तरी जवळ येऊन बसतंच. "हे माझ्या आजेसासूबाईंचं अक्षर," असं म्हणतं. त्यानंतर ती वही नदीवर गेल्याचं मला आठवत नाही.

आजेसासूबाईंच्या वह्या हा या कामातला खजिना आहे. त्या जुन्या नसतात, १९३० ते १९६०च्या दरम्यानच्या, शाळेच्या दुरेघी वह्या. ज्या बाईने आयुष्यात एक पत्र लिहिलं नाही तिने देवीची स्तोत्रं, शुक्रवारची कहाणी, भूपाळ्या अक्षर लावून लावून उतरवलेल्या असतात. जोडाक्षराशी झालेली झटापट पानोपान दिसते. एकाच शब्दातला 'क्ष' वहीच्या सुरुवातीला मोडका असतो आणि शेवटाला घोटीव होतो. तिचं साक्षर होणं बघायचं तर दुसरा पुरावा नाही. कोंबडपाड्याच्या बाजूला एका घरी रामनामाच्या लिखित जपाचा गठ्ठा मिळाला. तो वह्यांत नव्हता. घरचा मागांचा लहानसा कारखाना होता, त्याच्या जुन्या चलनांच्या पाठकोऱ्या बाजूवर आजींनी जप लिहिला होता. पुढे सुताचे भाव, तागे किती गेले, बीम कुणाकडून आलं. मागे ओळीने राम. चलनांवर तारखा असल्यामुळे जप कोणत्या महिन्यात दाट आणि कोणत्या महिन्यात विरळ आहे तेही दिसतं. कारखाना बंद पडला होता त्या काळात आजींची लेखणी सगळ्यात जास्त चालली आहे.

२६ जुलै २००५च्या पुरात असल्या वह्यांची फार हानी झाली. पाणी ओसरल्यावर काही घरांचे कागद मी पाहिले. बोरूने काजळाच्या शाईत लिहिलेली दीडशे वर्षांपूर्वीची पानं चिखलातून निघूनही वाचता येत होती, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या फाउंटन पेनच्या वह्या निळ्या डागांखेरीज काही उरल्या नव्हत्या. म्हणजे आजेसासूबाई गेल्या, त्यांचे पणजोबा राहिले. ज्यांच्या घरी शाईच्या वह्या आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: त्यांचे फोटो आधी काढा. ओल्या झाल्या तर उन्हात टाकू नका, टीपकागद घालून पंख्याखाली सावकाश वाळवा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. आणि प्लॅस्टिकचं लॅमिनेशन तर अजिबात करू नका. आत गेलेलं पान पुन्हा धड बाहेर काढता येत नाही.

सध्या माझ्यापुढे आहे ते एका कोकणी मुसलमान घरातलं बयाज, म्हणजे टिपणवही. चामड्याची बांधणी, तळव्यात मावेल एवढं. पहिल्या पानांवर घरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदी, हिजरी तारखांसह. मग अरबी दुआ, जेरजबर म्हणजे स्वरचिन्हं लावून, मथळे तांबडे, दलाइलुल खैरात या प्रार्थनासंग्रहातले काही भाग, पैगंबरांच्या स्तुतीची उर्दू नात-काव्यं. मधल्या पानांवर लाकडाच्या खेपांचे हिशोब. मला ही लिपी येत नाही, म्हणून शहरातल्या एका उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर मला वाचून दाखवतात. त्यांचं घराणं आजमगडकडचं. हिशोबानंतरच्या एका पानावर ते अडले. अक्षरं ओळखीची, शब्द लागेनात. "मॅडम, ये उर्दू नहीं है. फारसी भी नहीं," म्हणाले. मी म्हटलं, अर्थ सोडा, नुसते आवाज वाचा. त्यांनी अडखळत वाचलं आणि मला शब्द ऐकू यायला लागले. तारू. दर्या. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात. अरबी अक्षरांत लिहिलेली कोकणी होती ती, आमच्या किनाऱ्याची बोली. त्यांना दिसत होतं ते मला वाचता येत नव्हतं आणि मला ऐकू येत होतं ते त्यांना कळत नव्हतं. दोघांनी मिळून दुपारभर ते पान सोडवलं. तारवावर गेलेल्या मुलासाठी केलेलं मागणं आहे, आगोटीच्या आत त्याला खाडीच्या तोंडाशी आणून सोड म्हणून. अल्लाला केलेलं, पीरांच्या वास्त्याने, आणि मध्येच त्या मुलाच्या जेवणाखाणाची काळजी. अलीकडच्या पानावर त्याच खेपेच्या लाकडाचा भाव लिहिला आहे. घरातल्या बाबांना आम्ही ते वाचून दाखवलं तेव्हा ते आधी काही बोलले नाहीत. मग पहिल्या पानावरच्या मृत्यूच्या नोंदी पुन्हा वाचायला लावल्या. तरुण मुलगा समुद्रात गेल्याची नोंद त्यांत नाही. "म्हणजे आला तो," बाबा म्हणाले.

त्या कोकणी पानावर स्वरचिन्हं दिलेली नसल्यामुळे दोन शब्द अजून लागत नाहीत. महापोलीकडच्या एका वयस्क बाईंना जुनी कोकणी लग्नगीतं येतात असं बाबांकडून कळलं आहे. मास्तर आणि मी त्यांच्याकडे पानाचा फोटो घेऊन जाणार आहोत. बाबांच्या मते त्यातला एक शब्द तारवाच्या कुठल्या तरी भागाचं नाव आहे. मला तो वाऱ्याचा वाटतो, कारण आदल्या ओळीत आगोटीचा उल्लेख आहे.